नव्या टाकीतले मासे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मरतात, आणि टाकी धुतली तरी पुन्हा तेच होते: कारणे आणि उपाय

नवी टाकी लावली, वाळू स्वच्छ धुऊन घातली, पाणी भरून फिल्टर दोन दिवस चालवला आणि मग मासे सोडले. पहिले चार-पाच दिवस सगळे सुरळीत चालले. त्यानंतर मासे खाईनासे झाले, पाण्याच्या वरच्या थराशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागले आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात एकामागून एक मरू लागले. पाणी खराब झाले असावे असे समजून टाकी पूर्ण रिकामी केली, वाळू, दगड, फिल्टर, स्पंज सगळे नळाखाली घासून धुतले, ताजे पाणी भरले, नवे मासे आणले. आणि पुन्हा दोन-तीन आठवड्यांत तेच घडले. गोड्या पाण्याची टाकी नव्याने लावणाऱ्या असंख्य लोकांची ही एकच तक्रार असते. त्यातले बहुतेक जण शेवटी स्वतःला किंवा माशांना दोष देऊन टाकी माळ्यावर टाकतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

या तक्रारीच्या मुळाशी रोग क्वचितच असतो. दरवेळी मनापासून केलेली ती संपूर्ण साफसफाई हेच समस्या पुन्हा उभी राहण्याचे कारण असते.

माझ्या पहिल्या टाकीत हे सलग तीन वेळा घडले. टाकी 60 सेंटिमीटर लांब, 30 रुंद आणि 36 उंच होती, म्हणजे काठोकाठ भरली तर 65 लिटरच्या आसपास. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्ष पाणी 50 ते 55 लिटर. तिसऱ्या खेपेला मी टाकी धुण्याआधी पाणी तपासले. काचनळीत टाकीतले पाणी घेऊन अमोनियाच्या चाचणीचे थेंब घातले, तेव्हा जे पाणी पिवळे राहायला हवे होते ते काही मिनिटांत गडद हिरवे झाले. टाकीतले पाणी मात्र डोळ्यांना अगदी नितळ दिसत होते. हातात ती हिरवी नळी आणि समोर नितळ पाण्यात वर येऊन धापा टाकणारे मासे, हे पाहिल्यावर स्वच्छ पाणी म्हणजे काय याविषयीची माझी समजूतच बदलली.

पाण्यात नेमके काय घडते

मासा खाद्यातून घेतलेल्या नायट्रोजनचा मोठा भाग अमोनियाच्या रूपाने आणि मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो. त्यात विष्ठा, न खाल्लेले खाद्य आणि कुजणारी पाने यांतून निघणाऱ्या अमोनियाची भर पडते. मुरलेल्या, म्हणजे जीवाणूंची वस्ती स्थिरावलेल्या टाकीत जीवाणूंचा एक गट या अमोनियाचे नायट्राइट करतो आणि दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना अल्प प्रमाणातही घातक असतात, तर नायट्रेट त्यांच्या मानाने बरेच सौम्य असून पाणी बदलून आणि वनस्पती लावून ते आटोक्यात ठेवता येते. नव्या टाकीत हे जीवाणू जवळजवळ नसतातच. फिल्टर चालू असतो, पाणी फिरत असते, पण त्या स्पंजमध्ये काम करणारे अजून कोणी राहायला आलेले नसते.

हे जीवाणू सावकाश वाढतात, आणि आपली सगळी फसगत इथेच होते. कुजक्या पदार्थांवर जगणारे सामान्य जीवाणू तासाभरात दुपटीहून अधिक होऊ शकतात, पण अमोनिया आणि नायट्राइटवर जगणाऱ्यांना दुप्पट होण्यासाठी अनुकूल स्थितीतही बहुधा अर्धा ते एक दिवस किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. शिवाय दुसऱ्या गटाचे अन्न म्हणजे पहिल्या गटाने तयार केलेले नायट्राइट, त्यामुळे पहिला गट स्थिरावल्याशिवाय दुसऱ्याची वाढ सुरू होत नाही. परिणामी नव्या टाकीत विषाच्या दोन लाटा येतात. आधी अमोनिया चढतो आणि उतरू लागतो, आणि तो उतरत असतानाच नायट्राइट चढते. पाण्याचे तापमान 25 ते 28 अंश सेल्सिअस असेल तर ही सारी प्रक्रिया पुरी होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या लाटेतून वाचलेले मासे दुसरीत जातात ते यामुळेच. आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घाबरून टाकी धुतली, की अर्धवट वाढलेली वस्ती नाहीशी होऊन सगळे पुन्हा पहिल्या दिवसावर येते.

हे जीवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. स्पंज, वाळू, दगड, काच अशा पृष्ठभागांना चिकटून त्यांचा पातळ थर राहतो. त्यामुळे दुसऱ्याच्या जुन्या टाकीतले पाणी बादलीभर आणून ओतल्याने विशेष काही साधत नाही, पण त्याच टाकीच्या फिल्टरमधला तळहाताएवढा मळलेला स्पंज मिळाला तर तो सोन्यासारखा आहे.

नायट्राइटविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण त्याची लक्षणे फसवी असतात. ते कल्ल्यांवाटे रक्तात जाते आणि हिमोग्लोबिनचे अशा रूपात परिवर्तन करते की त्याला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. रक्त तपकिरी होते आणि कल्लेही लालऐवजी तपकिरी दिसू लागतात. पाण्यात भरपूर ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. अशा वेळी लोक हवेचा दुसरा पंप जोडतात आणि मासे तरीही वरच का येतात हे त्यांना उलगडत नाही.

आधी निदान करावे

मासे केव्हा मरतात यावरून कारणाचा बराच अंदाज बांधता येतो. पाण्यात सोडल्यापासून काही तासांतच मासे सैरावैरा पोहून मरत असतील तर बहुधा नळाच्या पाण्यातले क्लोरीन, तापमानातील मोठा फरक किंवा टाकीत राहिलेला साबणाचा अंश याचा संशय घ्यावा. पाच-सहा दिवसांपासून महिन्याभरापर्यंतच्या काळात, खाणे कमी होणे, पर मिटून कोपऱ्यात राहणे, कल्ले लालभडक किंवा तपकिरी दिसणे, वर येऊन धापा टाकणे अशा क्रमाने मृत्यू येत असतील, तर आपण ज्या समस्येबद्दल बोलत आहोत तीच ही. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर तो परजीवीचा रोग आहे. पण तोही अमोनियाने बेजार झालेल्या माशांवर सहज पकड घेतो, म्हणून पाण्याची तपासणी तेव्हाही टाळू नये.

तपासणीसाठी अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे याचे माप) यांचा थेंबांचा चाचणी संच घ्यावा. पाण्यात बुडवायच्या पट्ट्या सोयीच्या असल्या तरी कमी प्रमाणातला फरक त्यांवर नीट वाचता येत नाही, आणि आपल्याला तर 0.25 आणि 0.5 पीपीएममधलाच (पीपीएम म्हणजे दर लिटर पाण्यात साधारण इतके मिलिग्रॅम) फरक पाहायचा असतो. रंग दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदासमोर नळी धरून जुळवावा. माझ्या मते नव्या टाकीसाठी शोभेच्या वस्तू घेण्याआधी हा संच घ्यावा, कारण तो नसेल तर पुढचे सगळे उपाय अंधारात चाचपडल्यासारखे होतात.

अमोनियाचा आकडा पीएचसोबत वाचावा लागतो. पाण्यात अमोनियाची दोन रूपे असतात, एक अतिशय विषारी आणि दुसरे बरेच निरुपद्रवी, आणि साधा संच दोन्ही मिळून एकच आकडा देतो. 25 अंश तापमानाला पीएच 7 असेल तर त्यातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पण पीएच 8 असेल तर सुमारे पाच टक्के. म्हणजे तोच 1 पीपीएमचा आकडा एका टाकीत मासे सोसून नेतात आणि दुसऱ्या टाकीत जिवावर बेततो. दोन जणांचे अनुभव जुळत नाहीत, त्यामागे पुष्कळदा हेच असते.

नव्या टाकीतले पाणी पहिल्या आठवड्यात दुधट होते, त्यानेही बरेच जण धास्तावतात. ती कुजक्या पदार्थांवर जगणाऱ्या सामान्य जीवाणूंची वाढ असते आणि काही दिवसांत ती आपोआप ओसरते. त्यासाठी टाकी रिकामी करू नये, पाणी नितळ करणारी द्रव्येही घालू नयेत. खाद्य कमी करावे आणि हवा चालू ठेवावी.

टाकीत मासे असताना काय करावे

टाकी रिकामी करू नये आणि फिल्टरला हात लावू नये. अमोनिया आणि नायट्राइट रोज मोजावे आणि दोन्हींची बेरीज 0.5 पीपीएमच्या वर गेली की 30 ते 50 टक्के पाणी बदलावे. आकडा 2 पीपीएमला पोहोचला असेल तर एकदा निम्मे पाणी बदलून तो 1 वर येतो, आणि काही तासांनी पुन्हा निम्मे बदलल्यास 0.5 वर, हा हिशेब ध्यानात ठेवला तर एकदम सगळे पाणी फेकण्याचा मोह होत नाही. जीवाणू पृष्ठभागांवर असल्यामुळे निम्मे पाणी बदलल्याने त्यांच्या वस्तीला धक्का लागत नाही. एक खबरदारी मात्र महत्त्वाची आहे. टाकीतल्या पाण्याचा पीएच बराच घसरलेला आणि नळाचा पीएच बराच चढा असेल, तर एकदम निम्मे पाणी घातल्याने निरुपद्रवी अमोनिया विषारी रूपात जाऊ शकतो. अशा वेळी दहा-पंधरा टक्के पाणी थोड्या थोड्या वेळाने बदलावे.

नव्या पाण्यातले क्लोरीन घालवलेले असलेच पाहिजे. साधे क्लोरीन पाणी उघड्या भांड्यात हवेचा दगड (पंपाची हवा बुडबुड्यांच्या रूपात सोडणारा सच्छिद्र तुकडा) सोडून एक दिवस ठेवल्यास उडून जाते, किंवा थायोसल्फेट असलेल्या द्रावणाने लगेच निष्प्रभ होते. परंतु काही ठिकाणी पाणी शुद्ध करण्यासाठी क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनिया यांचे संयुग वापरतात. ते पाणी ठेवून दिल्याने सहजी जात नाही, आणि नुसत्या थायोसल्फेटने तोडल्यास त्यातून अमोनिया मोकळा होतो. पाणी बदलल्यानंतर अमोनिया उतरण्याऐवजी चढत असेल तर द्रावण घातलेले नळाचे पाणी स्वतंत्रपणे तपासून पाहावे.

खाद्य निम्म्याहून कमी करावे. मोठ्या माशांना दोन-तीन दिवस काही दिले नाही तरी त्यांना अपाय होत नाही, पण तळाशी कुजणारा खाद्याचा प्रत्येक दाणा अमोनियात भर घालतो. नायट्राइट चढलेले असेल तर दर 10 लिटर पाण्यास 1 ग्रॅम साधे मीठ वेगळ्या भांड्यात विरघळवून घालावे. मिठातले क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटची वाट अडवते आणि माशांना बराच आराम पडतो. मात्र अमोनियावर मिठाचा हा उपयोग नाही.

या काळात टाकीत औषधे घालू नयेत. मिथिलीन ब्लू आणि अनेक प्रतिजैविके फिल्टरमधल्या जीवाणूंनाच मारतात, आणि मग ज्या टाकीला आणखी दोन आठवडे लागले असते तिला पुन्हा सहा लागतात.

टाकी अजून रिकामी असेल तर

सर्वांत चांगला मार्ग म्हणजे मासे आणण्याआधी टाकी मुरवणे. टाकी पूर्ण मांडून, क्लोरीन घालवून, फिल्टर आणि हीटर चालू करून पाण्यात बाहेरून अमोनिया द्यावा. शुद्ध अमोनियम क्लोराइड असेल तर 50 लिटर पाण्यास साधारण 0.3 ग्रॅम घातल्यावर अमोनिया 2 पीपीएमच्या जवळ जातो. सफाईसाठी विकले जाणारे सुगंधी किंवा फेस येणारे अमोनियाचे द्रावण चालणार नाही. पहिले काही दिवस आकडा हलत नाही आणि काहीच होत नाहीसे वाटते. मग अमोनिया उतरू लागतो, नायट्राइट दिसू लागते आणि पुढे पुष्कळ चढते. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा तेवढीच मात्रा द्यावी. ज्या दिवशी 2 पीपीएम अमोनिया दिल्यानंतर 24 तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येतील आणि केवळ नायट्रेट उरेल, त्या दिवशी टाकी तयार झाली असे समजावे. हीच चाचणी लागोपाठ दोन दिवस घेऊन खात्री करावी, मग मोठ्या प्रमाणात पाणी बदलून नायट्रेट उतरवावे आणि मासे आणावेत.

निरोगी टाकीतला मुरलेला स्पंज मिळाला तर हा काळ पुष्कळ कमी होतो. तो पाण्यातच ठेवून आणावा, सुकू देऊ नये, आणि आपल्या फिल्टरमध्ये पाण्याच्या वाटेवर बसवावा. बाटलीत विकल्या जाणाऱ्या जीवाणूंविषयी माझा अनुभव संमिश्र आहे. अमोनियाचे रूपांतर करणारे जीवाणू सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यांनी 1890 च्या सुमारास वेगळे करून दाखवले, आणि नंतर बराच काळ असे मानले जात होते की टाकीत नायट्राइट खाणारे जीवाणू म्हणजे नायट्रोबॅक्टर. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात गोड्या पाण्याच्या टाक्यांमध्ये ते काम नायट्रोस्पायरा गटाचे जीवाणू करताना आढळले. त्यामुळे बाटलीत काय आहे आणि ती उन्हात किंवा गोठणाऱ्या थंडीत किती दिवस पडून होती, यावर सगळे अवलंबून असते. बाटली घालायची तर घालावी, पण बाटली घातली म्हणून चाचणी सोडू नये.

प्रक्रिया मध्येच अडकली तर पीएच पाहावा. अमोनियाचे नायट्रेट होताना आम्ल तयार होते आणि पाण्यातली कार्बोनेट क्षारता, म्हणजे आम्ल शोषून पीएच टिकवण्याची क्षमता, खर्ची पडते. अमोनियातल्या दर 1 ग्रॅम नायट्रोजनमागे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात सुमारे 7 ग्रॅम. मृदू पाण्यात ही शिल्लक लवकर संपते, पीएच 6.5 च्या खाली जातो आणि जीवाणूंचे काम मंदावते. पाणी बदलून किंवा फिल्टरमध्ये शिंपल्यांच्या तुकड्यांची लहान पिशवी ठेवून ते पुन्हा मार्गी लागते. ऑक्सिजनचेही तसेच आहे. त्याच 1 ग्रॅम नायट्रोजनसाठी साडेचार ग्रॅमहून थोडा अधिक ऑक्सिजन लागतो, म्हणून आवाज नको म्हणून रात्री फिल्टर बंद ठेवणे हे मुरत असलेल्या टाकीचे मोठे नुकसान आहे. कित्येक तास बंद राहिलेल्या डब्याच्या फिल्टरमधले पाणी सडलेले असते. तो तसाच चालू न करता आधी त्यातले पाणी फेकून द्यावे.

मुरलेली टाकी पुन्हा का बिघडते

सगळे स्थिरावल्यावर चार-सहा महिन्यांनी तीच लक्षणे पुन्हा दिसली, तर गेल्या आठवड्यात फिल्टरचे काय केले हे आठवावे. स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत धुतला किंवा फिल्टरची गादी बदलून नवी बसवली, हे उत्तर मला सर्वांत जास्त वेळा मिळाले आहे. स्पंज धुण्याची योग्य रीत अशी आहे की पाणी बदलताना टाकीतून काढलेले पाणी बादलीत घ्यावे, स्पंज त्यात दोन-तीन वेळा पिळावा आणि तसाच परत बसवावा. बादलीतले पाणी चहासारखे तपकिरी होते आणि ओल्या मातीसारखा वास येतो. स्पंज पिळल्यावरही तपकिरीच दिसतो, आणि तो तसाच दिसला पाहिजे. वास सडक्या अंड्यासारखा आला तर स्पंज तुंबून आत ऑक्सिजन पोहोचत नाही असे समजावे आणि यापुढे थोड्या कमी अंतराने तो पिळावा. दोन स्पंज असतील तर एका वेळी एकच हाताळावा, आणि ज्या दिवशी वाळू उपसून साफ केली त्या दिवशी फिल्टर उघडू नये.

मासे किती आणि कोणत्या क्रमाने

जीवाणूंची संख्या त्यांना मिळणाऱ्या अमोनियाइतकीच राहते. दहा लहान माशांवर स्थिरावलेल्या टाकीत एका दिवशी आणखी पंधरा सोडले, तर काही दिवस ती नव्या टाकीसारखीच वागते. म्हणून माशांशिवाय पूर्ण मुरवलेली टाकी वगळता बाकी सर्व ठिकाणी मासे थोडे थोडे आणावेत, दोन खेपांमध्ये दोन आठवडे जाऊ द्यावेत आणि दुसरी खेप आणण्याआधी अमोनिया आणि नायट्राइट शून्य असल्याची खात्री करावी. 50 ते 55 लिटर पाण्यात झेब्रा डॅनिओसारख्या काटक माशांचा सहा-सात जणांचा थवा आधी सोडावा. निऑन टेट्रा बदलत्या पाण्यात टिकत नाहीत, त्यांना दोन-तीन महिने थांबवावे. शेवाळ खाणारा मासा टाकी साफ ठेवील म्हणून पहिल्याच आठवड्यात आणला जातो, पण नव्या टाकीत त्याला खाण्याजोगे शेवाळच नसते, आणि सामान्य प्लेको तर 40 सेंटिमीटरच्या आसपास वाढतो. गोल्डफिश लहानपणी इवलासा दिसला तरी तो भरपूर खातो, भरपूर अमोनिया सोडतो आणि या आकाराच्या टाकीत त्याची जागा नाही.

मासे आणल्यावर बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगू द्यावी, मग उघडून थोडे थोडे टाकीचे पाणी तिच्यात घालावे आणि जाळीने मासे उचलून टाकीत सोडावेत; पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. मासे खूप लांबून, कित्येक तासांच्या प्रवासानंतर आले असतील तर पिशवी उघडल्यावर हे काम रेंगाळत ठेवू नये. बंद पिशवीत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खाली असतो आणि अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडताच तो वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया माशांना जाळू लागतो.

अमोनिया आणि नायट्राइट सलग दोन आठवडे शून्य येत असतानाही मासे मरत राहिले, तर मात्र या लेखातले कारण सोडून द्यावे आणि एकमेकांवरील हल्ले, तापमानातील चढउतार, धातूची गंजकी वस्तू किंवा खरा रोग यांकडे पाहावे. आणि औषध द्यायचे झाल्यास आजारी मासा वेगळ्या भांड्यात काढून तिथेच द्यावे.